तालुक्याच्या कॉलेजात मेंदूचं काय काम? विद्या परिषदेला एक खुलं पत्र

प्रति,
विद्या परिषदेचे आणि मानसशास्त्र अभ्यास मंडळाचे सगळे सदस्य, आणि ज्यांच्या संस्थांमध्ये आम्ही नोकरी करतो ते संस्थाचालक

सर, मॅडम, भाऊसाहेब, सगळ्यांना नमस्कार.

तालुक्याच्या कॉलेजातूनही मेंदूवर आणि मनावर खरा रिसर्च होऊ शकतो, आणि त्यासाठी तुमच्याकडून काही नियम बदलून पाहिजेत, एवढंच मागायला हे पत्र आहे. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी वर्धा नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावात शिकवते, या काठाला की त्या काठाला तेही सांगत नाही, कारण नाव आलं की विषय राहतो बाजूला आणि ही कोणाच्या गटाची हेच सुरू होतं.

मी कोण ते सांगते. एमए मानसशास्त्र इथलंच, मग नेट, मग बंगळुरूला कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्समध्ये पीएचडी, म्हणजे विचार, लक्ष, आठवण यामागे मेंदू कसा चालतो त्याचा अभ्यास, विषय झोप आणि अवधान, म्हणजे लक्ष, मग जर्मनीत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा रिसर्च, आणि यंदापासून एका अनुदानित कॉलेजात मानसशास्त्राची सहायक प्राध्यापक. स्वतःहून आले, कोणी पाठवलं नाही. गावात यावर दोन प्रश्न झाले. पहिला, "किती द्यावे लागले वं?" काही नाही दिलं, पण हे माझ्या सख्ख्या मामालाही पटत नाही. दुसरा, "तिकडं जमलं नाई का वं बाई तुले?" आणि शेजारचे एक काका तर थेट झोपेच्या गोळ्या मागायला आले, मी म्हटलं काका मी गोळ्या नाही देत, तर म्हणे "मंग कायची डॉक्टर व्हय तू?" बरोबरच आहे त्यांचं.

गावातल्या लोकांचं मला काही वाटत नाही. लागतं ते आपल्या क्षेत्रातल्या लोकांचं. जर्मनीतल्या लॅबमध्ये सगळे धरूनच चालले होते की ही शिकवायला चालली म्हणजे हिचा रिसर्च संपला. बंगळुरूचे सोबती म्हणाले, अगं थांब जरा, इन्स्पायर फॅकल्टी नाहीतर रामलिंगस्वामी फेलोशिप बघ, कुठल्यातरी मोठ्या इन्स्टिट्यूटमध्ये शिर, तालुक्याला जाऊन काय करशील. आणि इथं जॉइन झाल्यावर तुमच्यातलेच एक सर चहा पिता पिता म्हणाले, मॅडम आता रिसर्च वगैरे विसरा, सिलॅबस पुरा करा आणि नॅकची क्रायटेरिया तीनची फाईल तेवढी बघा. आता नॅक म्हणजे कॉलेजला दर्जा देणारी संस्था, आणि तिची क्रायटेरिया तीन म्हणजेच रिसर्च! म्हणजे रिसर्च विसरायचा आणि त्याची फाईल मात्र ठेवायची, असं एकूण.

मला या सगळ्यांना एकच सांगायचंय. आपल्या विद्यापीठाकडे जे आहे ते त्या मोठ्या इन्स्टिट्यूटांकडे नाही. जवळपास प्रत्येक तालुक्यात कॉलेज आहे, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मानसशास्त्राचा एक तरी शिक्षक आहे, मग तो परमनंट असो की सीएचबीवरचा, म्हणजे तासावर पैसे मिळणारा, आणि वर्गात अशी पोरं बसलेली आहेत ज्यांच्या घरी शेती आहे, म्हातारी आजी आहे, डोक्यावर पीककर्ज आहे. त्या इन्स्टिट्यूटांकडे मेंदूचे स्कॅनर आहेत, आपल्याकडे माणसं आहेत, आणि मानसशास्त्र अडलंय ते माणसांपाशीच. २००८ मध्ये अमेरिकेतल्या अर्नेट यांनी मोठमोठी मानसशास्त्र जर्नल्स तपासली तर अभ्यासात घेतलेले ९६ टक्के लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले, आणि त्या देशांत जगातले जेमतेम १२ टक्के लोक राहतात. आपण हा आकडा पेपरच्या इंट्रोडक्शनला टाकतो, उसासा सोडतो, आणि मग करतो काय?

आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला पाठ आहे. 'ग्रामीण व शहरी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या समायोजनाचा तुलनात्मक अभ्यास'. पन्नास मुलं, पन्नास मुली, विकत आणलेली टेस्ट, बहुतेक वेळा हिंदीतली, टी-टेस्ट, म्हणजे दोन गटांतला फरक नुसता योगायोगाचा आहे का ते पाहणारं गणित, मग फरक सार्थ आहे किंवा सार्थ नाही, आणि शिफारशीत 'समुपदेशन केंद्र असावे'. पुढच्या वर्षी समायोजन काढून भावनिक बुद्धिमत्ता टाकायची, झाली दुसरी पीएचडी. हे करणाऱ्या पोरांना मी दोष देत नाही, त्यांना दुसरं काही करू दिलं जात नाही.

आणि बाहेर फार वेगळं आहे असं समजू नका, तिकडं फक्त मशीन महाग असतं. २०१३ मध्ये न्यूरोसायन्सच्या अभ्यासांची ताकद मोजली गेली, पॉवर म्हणतो आपण ती, तर मध्यक २१ टक्क्यांच्या आसपास निघाला. म्हणजे परिणाम खरोखर असला तरी पाचातल्या चार वेळा असल्या अभ्यासाला तो दिसायचाच नाही. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास परत करून पाहिले, त्यातल्या ३६ टक्क्यांतच परत सार्थ निकाल आला. आणि २०२२ मध्ये नेचर या जर्नलला आलं की एमआरआयमधला फरक आणि माणसामाणसांच्या वागण्यातला फरक यांची सांगड घालायची असेल तर वीसपंचवीस लोकांनी भागत नाही, हजारो लोक लागतात. यावर जगानं काढलेला उपाय साधाच आहे, सगळ्यांनी मिळून एकच अभ्यास एकाच पद्धतीनं करायचा आणि काय तपासणार ते आधीच नोंदवून ठेवायचं म्हणजे नंतर पलटी मारता येत नाही. २०१७ पासून सायकॉलॉजिकल सायन्स ॲक्सिलरेटर नावानं अनेक देशांतल्या लॅब हेच करतायत. आपल्याला अनेक देश कशाला पाहिजेत, वीस तालुके झाले तरी पुष्कळ.

आता त्या काकांच्या झोपेकडे येते, कारण माझा पहिला अभ्यास तोच आहे.

शेतीच्या फीडरला, म्हणजे गावच्या शेतांना वीज नेणाऱ्या तारेला, थ्री फेज लाईन पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, हे तुमच्यापैकी ज्यांच्या घरी ओलित आहे त्यांना सांगायची गरज नाही. हरभरा-गव्हाला पाणी द्यायचं आणि पाळी रात्रीची असली की माणूस जेवून बॅटरी घेऊन शेतात जातो, थंडी, साप, रानडुकरं, मध्येच डीपीवर फ्यूज उडतो, मग पहाटे घरी आणि सकाळी परत मजुरांमागे. चार दिवसांनी पाळी बदलते आणि शरीराला परत उलटं वळण लावायचं. पुस्तकात याला शिफ्ट वर्क म्हणतात आणि नर्स, कारखान्यातले कामगार, विमानातला स्टाफ यांच्यावर ढिगानं काम झालेलं आहे. शरीरातलं घड्याळ कसं चालतं या शोधाला २०१७ चं नोबेल मिळालं, हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना. मी वर्गात ते शिकवते आणि मागच्या बाकावरचा पोरगा डुलक्या घेत असतो कारण रात्री तोच मोटर चालू करायला गेला होता.

आणि इथं सरकारनं आपल्यासाठी आयता प्रयोग मांडून ठेवलाय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत ज्या फीडरला सोलर जोडलं गेलं तिथं लाईन दिवसा, ज्याचं राहिलं तिथं रात्रपाळी चालूच. शेजारशेजारची गावं, तेच पीक, तीच काळी माती, फरक फक्त लाईनच्या वेळेचा. आता कोणी हुशार सदस्य म्हणतील की कोणत्या फीडरला आधी सोलर लागलं हे काही चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नाही, जमीन कुठं मिळाली, कोणाचं वजन पडलं यावर ठरलं. बरोबर आहे. म्हणूनच नुसती या गावाची त्या गावाशी तुलना करून चालत नाही, जिथं लागायचंय तिथं आधी मोजायचं, लागल्यावर परत मोजायचं, आणि न लागलेलं गाव सोबत ठेवायचं. म्हणूनच घाई आहे. सोलर सगळीकडे पोचलं की शेतकऱ्याचं भलं झालं आणि हा अभ्यास कायमचा गेला.

याला लागतं काय तर मनगटाला बांधायची ॲक्टिग्राफची घड्याळं, हालचालीवरून झोप मोजणारी, आणि मोबाईलवर रिॲक्शन टाइमची एक छोटी टेस्ट. चेन्नईत असा अभ्यास झालाय, २०२१ मध्ये छापून आला, कमी कमाईचे ४५२ लोक घेतले होते. ते लोक रात्री आठ तास अंथरुणात असायचे आणि झोप भरायची साडेपाच तास, उकाडा, डास, आवाज. त्यांची रात्रीची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढवली तरी कामात किंवा डोक्याच्या टेस्टमध्ये म्हणावा तसा फरक दिसला नाही, दुपारच्या छोट्या डुलकीनं मात्र दिसला. आता निंबाखाली दुपारी पाठ टेकणाऱ्या आपल्या लोकांना आळशी म्हणणाऱ्यांनी हे जरा वाचावं. पण चेन्नईच्या त्या लोकांचं काम रोज दिवसाचंच होतं. पाळी बदलणाऱ्या माणसाचं काय होतं ते चेन्नईत बसून कळणार नाही.

ईईजीचं, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतली वीज मोजायचं विचाराल तर ते मी मागे ठेवलंय. तेल लावलेल्या डोक्यावर इलेक्ट्रोड नीट बसत नाही आणि आमच्या बाया डोक्याला तेल न लावता घराबाहेर पडत नाहीत, त्यांना डोकं धुवून या म्हणून सांगणारी मी कोण. एप्रिल-मेच्या पंचेचाळीस डिग्रीत घामानं सिग्नल वाहवत जातो ते वेगळंच. हिवाळ्यात बघू.

दुसरा विषय कापूस. २०१३ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सोबत्यांचा पेपर आला. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांच्या टेस्ट, दोन्ही वेळा त्याच माणसांच्या, तोडणीच्या आधी पैशाची ओढाताण असताना आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर घेतल्या, तर आधीच्या टेस्टमध्ये ते कमी पडले. माणूस तोच, फक्त डोक्यात उधारीचा हिशोब चालू. पेपर फार गाजला. मग २०१६ मध्ये अमेरिकेत गरीब लोकांवर पगाराच्या आधी आणि नंतर तसंच मोजलं तर फरक सापडला नाही. म्हणजे प्रश्न अजून उघडाच आहे. ऊसवाल्यांचा फायदा असा होता की कारखाना प्रत्येकाला वेगळी तारीख देतो, त्यामुळे ऋतूचा परिणाम वेगळा काढता आला. आपल्याकडे सगळ्यांचा कापूस एकाच वेळी फुटतो म्हणून हे जमणार नाही असं मला एका मोठ्या प्रोफेसरनं ऑनलाईन मिटिंगमध्ये सांगितलं. त्याला काय माहिती आमच्याकडे कापूस फुटणं आणि पैसा हातात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! पहिला वेचा म्हणजे पहिली वेचणी, मग दुसरा वेचा, कोणी घरात गंजी मारून भावाची वाट पाहत अंगाला खाज सुटेपर्यंत थांबतो, कोणाला कृषी केंद्रवाल्याचे चुकवायचे म्हणून पहिल्याच आठवड्यात खेडा खरेदीवाल्याला देऊन टाकावा लागतो. त्यामुळे एकाच गावात पैसा घराघरात वेगवेगळ्या वेळी येतो. हां, कोण थांबू शकतो आणि कोण नाही हे पण ऐपतीवरच ठरतं, त्याचा बंदोबस्त डिझाइनमध्ये करावा लागेल, पण तो करता येतो. तो कसा करायचा हे ज्याला वेचा म्हणजे काय ते माहिती आहे त्यालाच सुचणार.

फवारणीवर जास्त लिहीत नाही, लिहिलं की डोकं तापतं. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम अडवतात, ज्याच्याशिवाय मज्जातंतूचा निरोप थांबत नाही, चालूच राहतो. बातम्या त्या हंगामापुरत्या चालल्या. जे वाचले, आणि जे दरवर्षी पाठीवर पंप घेतातच, त्यांच्या हाताची थरथर आणि स्मरणशक्ती वर्षानुवर्षं मोजायला इथं राहणारं कोणीतरी पाहिजे. आमच्या लॅबच्या कपाटात मेमरी ड्रम आहे, मिरर ड्रॉइंग आहे, म्युलर-लायरचा बोर्ड आहे, आणि बोटांची चपळाई मोजणारा फिंगर डेक्स्टेरिटी बोर्ड आहे जो वर्षातून एकदा एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, यायच्या आदल्या दिवशी पुसला जातो. तोच बोर्ड हंगामाच्या आधी आणि नंतर फवारणाऱ्या माणसासमोर ठेवता येतो, पोरांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या पण त्यावरच भरतील आणि एकदाची खरी भरतील.

गावात बसून मोठा रिसर्च होत नाही असं म्हणणाऱ्यांनी निदान विदर्भात तरी म्हणू नये. अभय आणि राणी बंग जॉन्स हॉपकिन्सहून शिकून १९८६ मध्ये गडचिरोलीला आले, आणि १९९९ मध्ये त्यांचा नवजात बाळांच्या घरगुती काळजीवरचा अभ्यास लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आला, ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून केलेला, तो पुढे किती देशांनी उचलला. आपल्या विषयातलंच पाहायचं तर अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम प्रकल्प झाला, गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांकडून, नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले, लॅन्सेट सायकियाट्रीत २०१७ ला आलं ते. आणि मेंदूचंच पाहिजे तर कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात म्हातारपणी मेंदूचं काय होतं याचा दीर्घकाळचा अभ्यास चालू आहे, गावातलेच लोक घेऊन. तालुकाच आहे तो पण. उलट देशाचं पहिलं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ ला झालं ते १२ राज्यांत, त्यात महाराष्ट्र नव्हताच, आणि आपण मात्र विदर्भातल्या शेतकऱ्याच्या मनावर दरवर्षी दोन नॅशनल सेमिनार घेतो, हार-तुरे आणि किट बॅगसकट.

मग अडतं कुठं? तुमच्यापाशी अडतं, म्हणून पत्र तुम्हाला.

माझी पीएचडी न्यूरोसायन्सची म्हणून छाननीत 'संबंधित विषय नाही' असा शेरा आला होता. एमए मानसशास्त्र, नेट मानसशास्त्र, तरी समकक्षतेच्या कागदासाठी फिरावं लागलं. विद्याशाखा पाहिल्या तर मेंदू गेला सायन्समध्ये आणि मन आलं मानव्यविद्येत, आणि माझ्यासारखी दोन्हींच्या मधल्या जिन्यात उभी. हा शेरा मारणारा माणूस वाईट नव्हता, त्याच्याकडच्या यादीत तो विषयच नव्हता. तर यादी बदला. कॉग्निटिव्ह सायन्स, न्यूरोसायन्स, बिहेवियरल सायन्स हे मानसशास्त्राशी संबंधित विषय आहेत असा एक ठराव अभ्यास मंडळ एका बैठकीत करू शकतं, आणि पुढं येणारी पोरं वाचतील. ती येतीलच. बाहेर पोस्टडॉक करून थकलेली, गावाकडची, आईबाप म्हातारे झालेली बरीच पोरंपोरी मला माहिती आहेत, ती फक्त माझं काय होतं ते पाहतायत.

मग गाईडशिप. यूजीसीच्या २०२२ च्या नियमात पीएचडी आणि तीन रिसर्च पेपर असलेला परमनंट सहायक प्राध्यापक गाईड होऊ शकतो आणि चार विद्यार्थी घेऊ शकतो. आपल्याकडे त्यावर पदव्युत्तर शिकवण्याच्या अनुभवाची अट चढवलेली आहे, आणि माझ्या कॉलेजात एमए नाही, म्हणजे ती अट मी रिटायर होईपर्यंत पुरी होणार नाही. ती काढा, नाहीतर जवळच्या पदव्युत्तर केंद्राशी जोडून तरी द्या.

सगळ्यात मोठी अडचण नैतिक समितीची, एथिक्स कमिटी. माणसांवर अभ्यास करायचा तर परवानगी लागतेच, लागायलाच पाहिजे, आणि फवारणी आणि कर्ज असले विषय असतील तर जास्तच. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सात ते पंधरा सदस्य, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, वकील, सामान्य माणूस, सगळं सांगितलेलं आहे. एका आर्ट्स कॉलेजला हे एकट्यानं जमत नाही, म्हणून होतं काय की प्राचार्यांच्या सहीचं पत्र जोडतात आणि पुढं जातात. चांगलं जर्नल असा पेपर दारातूनच परत पाठवतं, आणि त्यात ज्याच्या घरी आपण प्रश्न विचारायला गेलो त्याचं रक्षण तर कोणीच केलेलं नसतं. विद्यापीठानं सगळ्या कॉलेजांसाठी मिळून एकच समिती करावी, जवळच्या मेडिकल कॉलेजचे लोक घ्यावेत, आणि त्यात एक ओलित करणारा शेतकरी बसवावा, सामान्य माणूस म्हणून रिटायर्ड प्राचार्य नको.

पेपरांच्या गिनतीबद्दल काय बोलायचं. यूजीसीची मान्य जर्नल्सची केअर लिस्ट २०२५ मध्ये बंद झाली, आता कोणतं जर्नल चांगलं ते विद्यापीठांनीच ठरवायचंय, म्हणजे चेंडू तुमच्याकडे आहे. पैसे भरून चार दिवसांत छापणाऱ्यांची नावं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहेत, व्हॉट्सॲपवर त्यांचे मेसेज तुम्हालाही येतातच. वीस कॉलेजांनी मिळून केलेल्या एका अभ्यासात ज्याचं नाव अकरावं असेल त्याला प्रमोशनच्या वेळी पुरते गुण द्या, नाहीतर जो तो आपापला शंभर पोरांचा पेपर काढत बसेल, आणि त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

संस्थाचालकांना वेगळं सांगते. भाऊसाहेब, आठवड्याचे सोळा तास मी शिकवीनच, एनएसएसचा कॅम्प पण करीन, इलेक्शन ड्युटी तर चुकतच नाही. मला हंगामात गावात जायला ड्युटी लीव्ह द्या आणि लॅबला इन्व्हर्टर द्या, बिल्डिंगवर नवीन कमान नंतर बांधू. आणि जे सीएचबीवाले विभाग चालवतायत, तासाच्या हिशोबानं, वर्षातले काही महिनेच पैसे मिळणारे, ते या अभ्यासात काम करणार असतील तर ग्रँटमधून त्यांना मानधन देता आलं पाहिजे, त्याला संस्थेनं आडकाठी करू नये. शेजारच्या तालुक्यातला एक सर मला म्हणाला, "मॅडम, मले पेपरात नाव नाई पायजे, मार्च ते जून घर चालवाचे पैसे पायजे." अशा माणसाकडून नीट डेटा पाहिजे असेल तर त्याचे पैसे आधी.

रब्बीचं ओलित दिवाळीनंतर जोरात सुरू होतं. घड्याळं त्याआधी लोकांच्या मनगटावर पाहिजेत, म्हणजे परवानगी दसऱ्याच्या आत पाहिजे. सात कॉलेजांचे शिक्षक तयार आहेत, त्यांच्या सह्या जोडल्या आहेत, प्रोटोकॉल जोडला आहे, संमतीपत्र आपल्या बोलीत लिहून चार गावांत वाचून दाखवलेलं आहे. अर्ज मागच्या महिन्यात दिला, आवक क्रमांक घेतलेला आहे. टेबलावर सापडत नसेल तर कळवा, दुसरी प्रत घेऊन मी स्वतः येते.

आपली,
मानसशास्त्राची एक सहायक प्राध्यापक, सध्या प्रोबेशनवर